कुस्त्यांचं लाईव्ह अर्धा मिनिट मागं का पडतंय?

तालमीतला_पोरगा: जत्रेच्या कुस्त्या आम्ही पोरं लाईव्ह दाखवतोय, लॅपटॉपवर ओबीएस हे लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर, एक कॅमेरा आणि नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटचं. पुण्यातली पाव्हणी फोन करत्यात की व्हॉट्सॲपवर चितपट झाल्याचं कळलं आणि तुमच्यात अजून खडाखडीच चाललीय. त्यात मोठ्या कुस्तीला गर्दी झाली की चित्र अडकतंय. बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा ते) ६००० केबीपीएस ठेवलाय, वाढवू का अजून?

उचगावकर: वाढवू नको भावा, कमी कर. मागं पडणं आणि अडकणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. तू पाठवतोस ते आरटीएमपीनं (लाईव्ह व्हिडिओ पाठवायची पद्धत) सर्व्हरपर्यंत लगेच जातंय, पण ऊस घातला की लगेच गूळ निघतोय व्हय? सर्व्हर त्याच व्हिडिओच्या १०८०, ७२०, ४८० अशा लहानमोठ्या चित्राच्या प्रती करतोय, मग प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतोय. एचएलएस म्हणत्यात त्याला, ॲपलनं २००९ ला आणलं, तशीच डॅश नावाची दुसरी पद्धत पण आहे. आता तुकडा ६ सेकंदांचा धरला आणि प्लेअरनं सुरू करायच्या आधी ३ साठवले तर १८ सेकंद तिथंच गेली, बाकीचं एन्कोडिंगमध्ये (व्हिडिओ आवळण्यात) आणि सीडीएनमध्ये (बघणाऱ्यांपर्यंत व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर). लो लेटन्सीचं सेटिंग असलं तर लाव, उशीर कमी होईल, फक्त साठा कमी म्हणून ज्याचं नेट कच्चं त्याला गोल फिरताना जास्त दिसणार. कीफ्रेम (अख्खं चित्र असलेली फ्रेम) २ सेकंदावर ठेव, तुकडा तिथंच कापता येतो.

पेठेतला_आवाज: अडकण्याचं कारण गर्दीच. एका टॉवरवर अख्खं मैदान, सगळे व्हिडिओ टाकाय लागलेले, तुला अपलोड मिळणार कुठनं. स्पीड टेस्टला लोक डाऊनलोड बघत्यात, तू अपलोड बघ, तेबी मैदान भरल्यावर, आणि त्याच्या निम्म्यानंच पाठव. ७२० ला २५०० बास होतंय, तासाला सव्वा जीबीच्या आतच जातंय. शेजारच्या घरात फायबर असंल तर सरळ लॅनची वायर ओढून घे, लई फरक पडतोय. आणि आवाजाकडं बघा जरा, हलगी वाजली की नुसता फाटतोय! आवाजाला एएसी फॉरमॅट १२८ वर पुरेसा आहे, आधी माईकचा गेन (आवाज किती उचलायचा ते) उतरव आणि ओबीएसमध्ये लिमिटर (आवाज हद्दीबाहेर जाऊ न देणारा फिल्टर) लाव.

तालमीतला_पोरगा: लिमिटरचं माहितीच नव्हतं. व्हिडिओ आवळायला आताच्या एच.२६४ च्या जागी नवं एच.२६५ केलं तर कमी बिटरेटमध्ये भागंल का? पण जुन्या फोनवर दिसंल न्हवं?

उचगावकर: बघणाऱ्याला तू पाठवलेलं जसंच्या तसं जातंय कुठं, सर्व्हर परत एन्कोड करतोय, त्यामुळं फोनची काळजी सोड. बिटरेट वाचंल, पण मूळच्या आरटीएमपीत एच.२६५ नाही, ते २०२३ च्या सुधारित आरटीएमपीत आलं, तेव्हा ज्या साईटवर टाकतोस ती घेते का ते आधी बघ. शिवाय लॅपटॉपला त्याचा हार्डवेअर एन्कोडर नसंल तर प्रोसेसर तापून फ्रेम गळणार. जत्रेत प्रयोग नको, एच.२६४ च ठेव, दुसरं घरी बसून ट्राय कर.