वाचनकट्ट्याच्या कपाटासाठी पॅलेस्टिनी पुस्तकं: ग्रुपवरची चर्चा

निखिल (सी-५०४): वाचनकट्ट्यासाठी या वेळी नवीन पुस्तकं घ्यायची आहेत ना? इस्रायल-पॅलेस्टाईनवर काहीतरी घेऊ या. बातम्या रोज बघतो, पण तिथली माणसं स्वतः काय सांगतात ते कानावरच येत नाही. कुणी वाचलंय का?

सावंत काका (ए-२०१): ग्रुपवर राजकारण नको हं. निवडणुकीच्या वेळी काय झालं होतं, आठवतंय ना?

मेधाताई (बी-३०२): सावंत, पुस्तकांचं चाललंय. निखिल, आधी पॅलेस्टिनी लेखक घसान कनाफानीची 'मेन इन द सन' घे. एका बैठकीत संपते. तीन पॅलेस्टिनी निर्वासित पोटासाठी इराकमधल्या बसऱ्याहून कुवेतला चोरून निघालेत, पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपून. ऑगस्टचं ऊन. सरहद्दीच्या नाक्यावरचे साहेब ड्रायव्हरची थट्टा करत बसतात आणि तो त्यांच्या कचेरीत अडकून पडतो. पुढचं सांगत नाही. कादंबरी १९६३ ची आहे, आणि तिच्यातला राग नुसता इस्रायलवरचा नाही. अरब देशांच्या सरहद्दी, दलाल, कारकून, कुणीच सुटत नाही.

सावंत काका (ए-२०१): कनाफानी म्हणजे पीएफएलपीवाला ना? विमानं पळवणारी संघटना ती.

मेधाताई (बी-३०२): हो, त्यांचा प्रवक्ता होता, त्यांचं साप्ताहिकही चालवायचा. लपवायचं कशाला? १९७२ मध्ये बैरूतला गाडीत बाँब ठेवून त्याला मारलं, वय ३६. सोबत भाची होती, तीही गेली. पण त्याचीच 'रिटर्निंग टू हैफा' वाचा. १९४८ मध्ये इस्रायल झालं, तेव्हाच्या पळापळीत एका पॅलेस्टिनी नवरा-बायकोचं तान्हं मूल हैफाच्या घरात राहून जातं. १९६७ च्या युद्धात इस्रायलनं वेस्ट बँक घेतल्यावर वाट मोकळी होते, तेव्हा ते घर बघायला येतात. दार उघडते मिरियम, जिचे वडील ऑशविट्झमध्ये मारले गेलेत. मुलगा तिनंच वाढवलाय, आणि तो आता इस्रायली लष्कराच्या गणवेशात आहे. शत्रूच्या घरातल्या बाईला इतकी माणुसकी देणारा लेखक प्रवक्ता होता एवढ्यावरून बाजूला ठेवायचा असेल तर ठेवा बापडे.

रिबेका मावशी (ए-१०३): मेधा, माझा धाकटा भाऊ इस्रायलमध्ये लोदला असतो. अलिबागकडची आपली बरीच बेने इस्रायल माणसं आहेत तिथं, शेजारी अरबही आहेत. त्या गावाचं काही आहे का यात?

मेधाताई (बी-३०२): मावशी, लोद म्हणजे जुनं लिद्दा. जुलै १९४८ मध्ये लिद्दा आणि शेजारच्या रामले गावातून ५० हजारांहून जास्त पॅलेस्टिनी लोकांना इस्रायली सैन्यानं बाहेर काढलं. भर उन्हात वेस्ट बँकमधल्या रामल्लाच्या दिशेनं चालत गेले, वाटेत तहानेनं माणसं मेली. त्या वर्षी बेघर झालेले एकूण सात लाखांच्या घरात, त्यालाच ते नकबा, म्हणजे अरिष्ट, म्हणतात. इस्माईल शम्मूत नावाचा चित्रकार लिद्दाचाच. त्या चालण्यावर त्यानं १९५३ मध्ये चित्र काढलंय, खांद्यावर मूल घेतलेला बाप. इंटरनेटवर सापडेल.

रिबेका मावशी (ए-१०३): बघते. भावाला नाही पाठवणार लगेच. त्याचा नातू सैन्यात आहे.

ओंकार (सी-१०२): ताई, थोडं हलकं काही? आम्ही ट्रेकवाले लोक 🙏

मेधाताई (बी-३०२): हलकं नाही, पण तुझ्यासाठी आहे. राजा शेहादेंचं 'पॅलेस्टिनियन वॉक्स'. रामल्लाचे वकील, जमिनींचे खटले लढवणारे. वर्षानुवर्षं त्याच टेकड्या चालताहेत, आणि दर वेळी एखादी वाट बंद झालेली. कुठं इस्रायली वसाहत, कुठं तिच्यासाठीचा रस्ता. २००८ चं ऑरवेल पारितोषिक मिळालंय. जमीन कागदावर कशी जाते हे मला त्यात सगळ्यांत नीट कळलं.

निखिल (सी-५०४): आणि एकच घ्यायचं असेल तर?

मेधाताई (बी-३०२): मुरीद बरगूतींचं 'आय सॉ रामल्ला'. १९६७ मध्ये हा मुलगा कैरोत शेवटच्या वर्षाची परीक्षा देत होता. युद्ध झालं, घरी परतायची वाटच बंद. तीस वर्षांनी जॉर्डन नदीवरचा पूल ओलांडून जाता आलं. कवी होता, त्यामुळे घोषणा नाहीत. प्रस्तावना पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईदची.

सावंत काका (ए-२०१): हे सगळं ललित झालं. इतिहास? आणि दुसरी बाजू?

मेधाताई (बी-३०२): इतिहासाला रशीद खालिदींचं 'द हंड्रेड इयर्स वॉर ऑन पॅलेस्टाईन' (२०२०). त्यांच्या खापरपणजोबांच्या भावानं, जेरुसलेमचे महापौर राहिलेल्या युसुफ झियांनी, १८९९ मध्ये फ्रान्सच्या मुख्य रब्बींमार्फत हर्झलला, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राची चळवळ उभारणाऱ्याला, पत्र पाठवलं होतं: तुमची कल्पना तत्त्वतः सुंदर, पण इथं माणसं राहतात, पॅलेस्टाईनला सोडा. हर्झलचं उत्तर, तुमची भरभराटच होईल. पुस्तक तिथूनच सुरू होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणाल तर कपाटात इस्रायलच्या जन्मावरची 'एक्झोडस' कादंबरी आहे, इस्रायली गुप्तहेर संस्था मोसादवरची पुस्तकं आहेत, एंटेबीच्या ओलीस-सुटकेचंही आहे. तुम्हीच दिलेली.

सावंत काका (ए-२०१): बरं. पण पैसे कट्ट्याच्या वर्गणीतून, मेंटेनन्समधून नाही.

निखिल (सी-५०४): मग बरगूती, शेहादे आणि कनाफानीची दोन्ही मागवतो. खालिदी पुढच्या खेपेला. चर्चा शनिवारी दुपारी ठेवू?

रिबेका मावशी (ए-१०३): शनिवार नको रे, आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. रविवारी ठेव, मी येते. आणि बरगूती आधी माझ्याकडे दे, मला वाचायला वेळ लागतो.