एलआयटीच्या नोंदीचं शीर्षक: 'अभिनव' तुम्हालाच लखलाभ

धरमपेठी: काल इथं 'नियमवाला' यांनी फर्मान काढलं, की ऑनलाइन ज्ञानकोशातल्या एलआयटीच्या, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या, नोंदीचं शीर्षक 'लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ' एवढंच ठेवायचं, जुनं नाव 2023 ला मेलं, 'एलआयटी'वरून साधं पुनर्निर्देशनसुद्धा नको, म्हणजे जुन्या नावानं शोधणाऱ्याला नव्या पानावर नेणारा दुवाही नको, कारण ज्ञानकोश म्हणजे पानठेला नाही. जेवताना वाचलं आणि घास हातातच राहिला, म्हणून एवढं लांबण लावतोय.

अहो, संस्था 1942 ची आहे. कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी 1930 च्या मृत्युपत्रात सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले, त्यातून ती उभी राहिली आणि पुढची 80 वर्षं विद्यापीठाची संस्था म्हणूनच नांदली. तेल, रंग, प्लास्टिक, कागद, जे काही संशोधन झालं त्या सगळ्या पेपरांवर जुनंच नाव आहे. उद्या एखाद्या पोराला लायब्ररीत 60-65 सालचा पेपर सापडला तर त्यानं 'अभिनव' शोधायचं हे त्याला कोण सांगणार, तुम्ही? माझ्या ॲप्रनच्या खिशावर आईनं लाल दोऱ्यानं साखळी टाक्यात 'एलआयटी' भरलं होतं. शेवटच्या अक्षराची आडवी रेघ धुऊन धुऊन उसवली, पण खिशाला सरकीच्या तेलाचा वास अजून आहे. आणि नागपुरात कोणाच्याही तोंडी एलआयटीच आहे, विचारून बघा.

नियमवाला: ॲप्रन जपून ठेवा, पण त्याचा नोंदीशी संबंध काय? स्वतंत्र कायदा झाला. ती आता नागपूर विद्यापीठाची संस्था नाही, स्वतःच विद्यापीठ आहे. जुन्या नावाखाली नोंद ठेवली तर पहिलंच वाक्य खोटं पडतं. नीरीचं बघा, आपल्याच नागपुरातली पर्यावरण संशोधनाची संस्था. 1958 ला सुरू झाली तेव्हा केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी वगैरे लांबलचक नाव होतं, 1974 ला बदललं. आज कोणी जुन्या नावानं नोंद मागतं का?

वऱ्हाडी ठेचा: भाऊ, तुम्ही स्वतःच 'नीरी' लिहिलं. पूर्ण नाव लिहायचं होतं ना. 😄

संत्र्याची फोड: शीर्षकाचं काय व्हायचं ते होवो, पण मसुद्यात 'प्रौद्योगिकी संस्थान' कोणी घुसडलं? मराठीत संस्थान म्हणजे एक तर राजेरजवाड्यांचं नाही तर शेगावचं. इथं संस्था म्हणतात, संस्था!

वऱ्हाडी ठेचा: व्हीएनआयटीच्या, आपल्या इथल्याच दुसऱ्या इंजिनिअरिंगच्या संस्थेच्या, हिंदी नावात आहे ना 'प्रौद्योगिकी संस्थान', तिथूनच उचललं असंल कोणी. पण मी म्हणतो 'इन्स्टिट्यूट' काहून नको? टेबलला मेज म्हणता का तुम्ही घरी? शुद्ध मराठीचं माह्यापुढं नका काढू. पुण्याला होस्टेलात होतो, फोनवर म्हटलं 'मी येऊन राहिलो', तर अख्खी रूम विचारे, 'कुठं राहिलास?' दोन वर्षं तोच एक जोक. अन् ज्या ज्ञानकोशाचा एवढा बाऊ करून राहिले, तसा मराठी ज्ञानकोश करणाऱ्या श्री. व्यं. केतकरांनी त्याचं ज्ञानकोश मंडळ काढलं कुठं? नागपुरात, 1916 ला! मग बिऱ्हाड गेलं पुण्याला. सगळंच जाते.

संत्र्याची फोड: केतकर कुठून आले मध्येच? मी हिंदीबद्दल बोलतेय. स्टेशनापासून बँकेपर्यंत जिथं तिथं 'नागपुर', ऱ्हस्व पु. सवय एवढी झालीय की माझी भाचीसुद्धा वहीवर तसंच लिहिते. मी खोडून दीर्घ केलं तर म्हणते मावशी, तुझंच चुकलं.

वऱ्हाडी ठेचा: भाचीला म्हणा, मावशीला पुण्याला पाठवा.

संत्र्याची फोड: तुम्ही आधी 'माह्या' नीट लिहायला शिका.

वऱ्हाडी ठेचा: 'माह्या' नीटच लिहिलं हाय. तुम्हाला वाचता येत नसंल तर आमचा इलाज नाही.

इंदोऱ्याची पोरगी: तुमचं संस्था-संस्थान झालं असेल तर धरमपेठींना एक विचारायचंय. 'लोकांच्या तोंडी जुनंच आहे' हा युक्तिवाद तुम्हाला इतका गोड लागतो, तो आम्ही कुठं ऐकलाय माहीत आहे? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 1978 चा, नाव लागलं 1994 ला, आणि तेही नामविस्तार करून. 1979 च्या लाँग मार्चला माझे बाबा दीक्षाभूमीवरून निघाले, वाटेत चप्पल तुटली, ती सुतळीनं बांधून चालले. नाव लागल्यावरही कित्येक जण मुद्दाम नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणायचे. टोकलं की म्हणायचे, सवय आहे हो. तेव्हा सवयीचं कौतुक आमच्यासमोर नको.

धरमपेठी: हे फार झालं. कुठली गोष्ट कुठं नेताय! इथं कोणाचं नाव अडवलंय? लक्ष्मीनारायण दोन्हीकडं आहेतच की.

इंदोऱ्याची पोरगी: तुम्ही अडवलं असं कुठं म्हटलं? युक्तिवाद तोच आहे एवढंच म्हटलं. नीट वाचा.

धरमपेठी: वाचलं. दोनदा वाचलं. बरं, 'तोंडी आहे' हे मागे घेतो. पेपरांचा मुद्दा मात्र सोडत नाही.

इंदोऱ्याची पोरगी: तो सोडूही नका. मी शिकले त्या कॉलेजचं नाव मध्येच बदललं. मार्कशीट एका नावाची, डिग्री दुसऱ्या. नोकरीच्या व्हेरिफिकेशनला खिडकीवरचा माणूस मार्कशीट उलटीसुलटी करून म्हणाला, असं कॉलेजच नाही. तीन चकरा आणि वर प्रतिज्ञापत्र. म्हणून शीर्षक नवं ठेवा, पण जुनं नाव पहिल्याच ओळीत ठळक हवं, आणि जुन्या नावानं शोधणारा तिथंच पोचला पाहिजे.

नियमवाला: ठीक. पानठेल्याच्या गिऱ्हाइकांसाठी 'एलआयटी'वरून पुनर्निर्देशन देतो. ठळक अक्षरंही देतो. ॲप्रनचा फोटोही लावू का?

धरमपेठी: लावा. पाठवतो.

वऱ्हाडी ठेचा: तुम्ही भांडत बसा राजेहो. तिकडं कोणीतरी आत्ताच शीर्षक बदलून 'लक्ष्मिनारायण' करून टाकलं. ऱ्हस्व मि.

संत्र्याची फोड: कोण आहे तो?? थांबा, मी आले.