मदत हवी आहे : एक इलेक्ट्रॉन गेलेला सोडियम निऑन का होत नाही?

पूर्णाकाठ
नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात मी संध्याकाळी आठवी-नववीच्या दहा-बारा मुलांचा अभ्यास घेते. माझं शिक्षण बी.ए., विज्ञान दहावीपर्यंतच. त्यामुळे अडले आहे.

अणूची रचना शिकवत होते. सोडियममध्ये ११ प्रोटॉन, १२ न्यूट्रॉन, ११ इलेक्ट्रॉन. बाहेरच्या कवचातला एक इलेक्ट्रॉन गेला की +१ प्रभाराचा आयन. एक मुलगी उठून म्हणाली, "ताई, दहाच इलेक्ट्रॉन उरले त मंग थो निऑन काऊन नाई झाला? निऑनचेबी दहाच हायेत." मी म्हटलं, ओळख प्रोटॉनवरून ठरते. तर ती म्हणे, "पण तुमीच त सांगतलं का सारी अभिक्रिया इलेक्ट्रॉन करते!" यावर मला काही बोलता आलं नाही. तिचं म्हणणं चूक नव्हतंच.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं आणि विहिरीतलं पाणी खारं, सोडियमवालं. सोडियम हा शब्द इथे माती परीक्षणाच्या कागदामुळे घरोघरी माहीत आहे. त्यात पोरांनी मोबाइलवर सोडियमचा तुकडा पाण्यात पेटताना पाहिला. आता विचारतात, आमच्या विहिरीतला का पेटत नाही?

आणखी एक. इलेक्ट्रॉन "गेला" म्हणून अर्धी मुलं प्रभार -१ लिहितात. हे कसं समजवावं?

निवृत्त गुरुजी
ताई, सातबारा घ्या. गट नंबर म्हणजे प्रोटॉन, पीकपेरा म्हणजे इलेक्ट्रॉन. यंदा कपाशी, पुढच्या साली तूर. गट नंबर तोच. प्रभारासाठी उधारीचा हिशेब करा. खिशात ११ रुपये ते प्रोटॉन, दुकानात ११ रुपये उधारी ते इलेक्ट्रॉन. हिशेब शून्य. दुकानदारानं एक रुपया उधारी सोडली, तर आपल्याकडे एक शिल्लक. म्हणून +१. क्लोरीनचं उलट: १७ रुपये आणि उधारी १८ झाली, म्हणून -१. न्यूट्रॉनचा या हिशेबात संबंध नाही, तो फक्त वजनात मोजायचा.

पूर्णाकाठ
गुरुजी, उधारी मुलांना लगेच कळेल. पण सातबाऱ्याबद्दल शंका आहे. गट नंबर माणसांनी ठरवलेला. ती मुलगी म्हणेल, नाव तुम्ही प्रोटॉनवरून ठेवलं, इलेक्ट्रॉनवरून ठेवलं असतं तर?

रसायनवाला
तिची शंका रास्त आहे. प्रोटॉन नुसतं नाव देत नाही, तो इलेक्ट्रॉनना ओढून धरतो. निऑनमध्ये १० इलेक्ट्रॉनना १० प्रोटॉन ओढतात, सोडियम आयनमध्ये तितक्यांनाच ११. निऑनमधून एक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे २१.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, सोडियम आयनमधून ४७.३. इलेक्ट्रॉन सारखे, पण पकड दुपटीहून जास्त! शिवाय आयनवर प्रभार असतो, म्हणून तो क्लोराइडला धरून मीठ होतो. निऑन कुणाला धरत नाही. अभिक्रिया इलेक्ट्रॉन करतात हे खरं, पण किती इलेक्ट्रॉन ठेवायचे आणि किती घट्ट, हे प्रोटॉन ठरवतात. आणि अभिक्रियेत केंद्रकाला, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या गाभ्याला, धक्का लागत नाही, म्हणून मिठातला सोडियम परत सोडियम म्हणून काढता येतो.

विहिरीचं उत्तर यातच आहे. धातूचा तुकडा पाण्याला इलेक्ट्रॉन देतो, तेव्हा उष्णता आणि हायड्रोजन निघतो, म्हणून पेटतो. विहिरीतल्या सोडियमनं तो इलेक्ट्रॉन आधीच दिलेला आहे.

गुरुजींच्या म्हणण्यात एक भर: न्यूट्रॉन नुसतं वजन नाही. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. त्यांना केंद्रकात बांधून ठेवायला न्यूट्रॉनची मदत होते.

काळी माती
मी कृषीचा विद्यार्थी, गाव तेल्हाऱ्याकडे. प्रभार शेतात दाखवता येईल. चिकणमातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो, त्यावर सोडियम आयन चिकटतात. ते जास्त झाले की कण विखुरतात, पाणी मुरत नाही, जमीन चोपण होते. अशा जमिनीत जिप्सम हे खनिज टाकतात. त्यातल्या कॅल्शियमचे २० प्रोटॉन, पण आयनात १८ इलेक्ट्रॉन, म्हणून +२. एक कॅल्शियम बसला की दोन सोडियम सुटतात आणि निचरा असेल तर पाण्याबरोबर निघून जातात. निचरा नसेल तर नुसतं जिप्सम टाकून भागत नाही, हेही सांगा.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्ग घेतला. ताटलीत ११ हरभरे प्रोटॉन, १२ तुरीचे दाणे न्यूट्रॉन, भोवती ११ तीळ. एक तीळ काढला, उधारीचा हिशेब मांडला. या वेळी सगळ्यांनी +१ लिहिलं. जिप्सम का टाकतात हे दोन मुलांनी घरी वडिलांना सांगितलं.

त्या मुलीचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. तिनं ताटलीतला एक हरभराही उचलला आणि म्हणाली, "आता झाला निऑन." मग तूर मोजली. "पण १० आन् १२ म्हंजे २२. पुस्तकात त २० लिहेल हाये." असा निऑन खरंच असतो का?

रसायनवाला
असतो! निऑन-२२. हवेतल्या निऑनमध्ये शेकडा नऊच्या आसपास तोच असतो, उरलेला जवळपास सगळा निऑन-२०. १९१३ साली इलेक्ट्रॉन शोधणारे शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना निऑनच्या मोजणीत २० सोबत २२ चा ठसा दिसला, तेव्हा तेही आधी बुचकळ्यात पडले होते. तिला हे नक्की सांगा.