सॅमनचा पर कापलेला होता. मी डोकं फेकून दिलं. त्यात काय असतं?

गळकरी:
मंडळी, मिशिगनमध्ये अकरा वर्षं राहतोय, पण मासेमारीचा नाद लागला तो गेल्या वर्षापासून. परवा शनिवारी शेजारच्या काकांच्या बोटीवर लडिंग्टनहून लेक मिशिगनमध्ये गेलो होतो. पहाटेच चांगला हातभर चिनूक सॅमन लागला. पाठीवरचा मोठा पर आणि शेपूट यांच्यामध्ये सॅमनला एक छोटा मांसल पर असतो, तो याला नव्हताच. जखम नाही, व्रण नाही, जागा अगदी गुळगुळीत. काका ओरडले, "डोकं टाकू नकोस, ते मत्स्यखात्याच्या फ्रीझरमध्ये द्यायचं असतं!" तोवर मी ते पाण्यात टाकून मोकळा झालो होतो. तेव्हापासून चुटपुट लागली आहे. डोक्यात नेमकं असतं काय? आणि हे सॅमन समुद्राकडे जातच नाहीत, तर त्यांचा माग कशासाठी काढतात?

तारवाली:
चुटपुट लागली हे चांगलंच झालं, पुढचं डोकं नक्की पोचेल! मी चार हंगाम अशीच डोकी चिरायचं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या माशाच्या नाकाडात बहुधा स्टीलची एक तार होती. लांबी 1.1 मिलिमीटर, जाडी पाव मिलिमीटर. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून मासे वाढवतात त्या केंद्रात, बोटुकली जेमतेम बोटभर झाली की सुईने ती तार नाकाच्या कूर्चेत बसवतात आणि तो छोटा पर कापतात. पर कापणं ही फक्त खूण, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की आत तार असणार. आता हे काम ट्रेलरमधली यंत्रं करतात. कॅमेरा माशाची लांबी मोजतो, त्याच्या मापाच्या खाचेत त्याला सोडतो, आणि तासाला हजारो पिल्लं हात न लागता पार पडतात.

डोकं आमच्याकडे आलं की आधी डिटेक्टरवरून फिरवायचं. वाजलं की नाकाड कापून उभं चिरायचं, दोन्ही अर्धी वेगवेगळी फिरवायची, वाजेल ते ठेवायचं, परत चिरायचं. शेवटी हरभऱ्याएवढा तुकडा उरतो आणि त्यात ती तार. चुंबकाच्या टोकावर ती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कोरलेले आकडे दिसतात. पहिल्या हंगामात एक तार माझ्या हातून टेबलावर पडली. पाऊण तास चुंबक फिरवत बसले, पण सोडली नाही. मिशीच्या केसाच्या तुकड्याएवढी वस्तू, पण तीन वर्षं लेकमध्ये फिरून आली होती ना!

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा आकडा एकेका माशाचा नसतो, एका वेळी एका ठिकाणी सोडलेल्या सगळ्या पिल्लांचा असतो. म्हणून नुसतं डोकं अपुरं पडतं. कुठे लागला, कोणत्या तारखेला, लांबी किती, हे चिठ्ठीवर हवंच.

आता माग कशासाठी? सॅमन इथले नव्हेतच. सी लॅम्प्री या रक्त शोषणाऱ्या माशाने लेक ट्राउट हे मोठे शिकारी मासे संपवले, त्यामुळे एलवाइफ नावाचे छोटे मासे बेसुमार वाढले, आणि त्यांना खाणारा कुणी हवा म्हणून 1966 साली ओरेगॉनच्या अंड्यांतून वाढवलेले कोहो जातीचे सॅमन मिशिगनमधल्या प्लॅट नदीत सोडले. पुढच्याच वर्षी चिनूक आले. पण खाणारे किती सोडायचे हा हिशेब चुकला की काय होतं, ते शेजारच्या लेक ह्यूरनने दाखवलं. तिथे 2003-04 च्या सुमारास एलवाइफ जवळपास नाहीसे झाले आणि चिनूकही कोसळले. पुढे तारांमधून कळलं की ह्यूरनमध्ये सोडलेले चिनूक खाण्याच्या मागे, दोन्ही लेक जोडणाऱ्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीतून लेक मिशिगनमध्ये येतायत.

आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती माहिती न कापलेल्या माशांनी दिली. हॅचरीतल्या सगळ्या चिनूकची खूण करायला लागल्यावर अखंड पर म्हणजे मासा नदीतच जन्मलेला. मोजले तर लेक मिशिगनमधले अर्ध्याहून जास्त चिनूक तसे निघाले! म्हणजे आपण सोडत होतो त्यापेक्षा नद्याच जास्त देत होत्या. 2013 मध्ये चिनूक सोडणं जवळपास निम्म्यावर आणलं, त्यामागे हा हिशेबही होता. तेव्हा आम्ही केवढी डोकी चिरली, ते आठवलं की आजही बरं वाटतं.

पाणबुड्या:
तारवालींनी छान लिहिलंय. थोडी भर घालतो. तारेतून सुरुवात आणि शेवट कळतो, मधला प्रवास नाही. त्यासाठी मोठ्या माशाच्या पोटात शस्त्रक्रिया करून आवाज सोडणारा छोटा ट्रान्समीटर बसवतात आणि लेकच्या तळाशी रिसीव्हर ठेवतात. मासा जवळून गेला की नंबर आणि वेळ नोंदली जाते. ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे मिशिगन-ह्यूरनसारख्या इथल्या मोठ्या लेकमध्ये, ग्लाटोस नावाचं असं जाळं 2010 पासून आहे. बोटुकलीला एवढं ओझं झेपत नाही, म्हणून तिथे तारच बरी.

गळकरी:
दोघांचे मनापासून आभार. पण मग हे मासे शरद ऋतूत परत त्याच नदीत कसे येतात?

तारवाली:
वासावरून. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅसलर यांनी 1970 च्या दशकात लेक मिशिगनच्याच कोहोवर हे तपासलं. पिल्लांच्या एका गटाला मॉर्फोलिन या रसायनाचा वास दिला, दुसऱ्याला दुसऱ्या रसायनाचा. मोठी झाल्यावर ती, ते-ते रसायन मिसळलेल्या ओढ्याकडे वळली. म्हणूनच काही ठिकाणी पिल्लं सोडण्याआधी बंदरातच जाळीच्या पिंजऱ्यात काही आठवडे ठेवतात, त्या पाण्याचा वास डोक्यात बसावा म्हणून.

गळकरी:
काल पुन्हा गेलो होतो. दोन लागले. एकाचा पर कापलेला, त्याचं डोकं चिठ्ठीसकट फ्रीझरमध्ये पोचलंय. दुसऱ्याचा पर शाबूत होता. त्याचंही माप आणि जागा लिहून ठेवलीय, कुणाला सांगायची?

तारवाली:
धक्क्यावर मोजणी करणारे उभे असतात, त्यांना सांगा. त्यांना तो आकडा हवाच असतो.