सेजचा अर्क आणि स्मरणशक्ती: 'अपाय शून्य' म्हणे!

खलबत्ता: 'सेजच्या पानांचा अर्क रोज घ्या, विसरभोळेपणा पळेल, नैसर्गिक आहे, अपाय शून्य' ही पोस्ट इथे कोणी डकवली? सेज म्हणजे स्वयंपाकातला विलायती सुगंधी पाला. त्यात थुजोन नावाचं रसायन असतं. मेंदूला शांत ठेवणारं गाबा नावाचं रसायन असतं, त्याचं काम ते अडवतं, प्रमाण वाढलं की थेट फिटचे झटके. युरोपीय औषध संस्थेने थुजोनची मर्यादा दिवसाला ६ मिग्रॅच्या आत ठेवलीय. पानांच्या चहात ते कमी उतरतं, अल्कोहोलच्या अर्कात जास्त. आणि सुगंधी तेलाचे थेंब पाण्यातून पिणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

निवडुंग: घाबरवणं सोपं असतं. २००८ ची चाचणी वाचा. ६५ च्या वरचे लोक, अर्काचे १६७, ३३३, ६६६ आणि १३३२ मिग्रॅ असे डोस. ३३३ ला स्मरणाच्या कसोट्यांत स्पष्ट फरक. स्मरणाला लागणारं मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम अर्काने दबतं, म्हणजे कारणही हाताशी आहे.

खलबत्ता: लोक किती ते गिळलंत. २०! एकेकच डोस, मोजणी त्याच दिवशी. त्यावरून 'रोज घ्या'? शिवाय १३३२ ला फायदा चौपट झाला नाही, म्हणून दोन गोळ्या जास्त घेणाऱ्यांनी जपावं. स्मृतिभ्रंशावरचं औषध डोनेपेझिलही तेच एन्झाइम दाबतं. दोन्ही एकत्र म्हणजे मळमळ, जुलाब, मंद नाडी.

पाणकणीस: परक्या पाल्याचं कौतुक पुरे. आपली ब्राह्मी काय वाईट?

शेवाळ: कुठली ब्राह्मी? नर्सरीत त्या नावाने गोल, कातरलेल्या पानांचा वेल देतात, तो कारिवणा, म्हणजे मंडूकपर्णी. चाचण्या झाल्या त्या ब्राह्मीचं नाव बॅकोपा, तिची पानं बोटाच्या पेरापेक्षा लहान, मांसल, देठ जवळजवळ नाहीच. बॅकोसाइड हे तिचं कामाचं द्रव्य फक्त तिच्यात.

पाणकणीस: आमच्याकडे त्या वेलालाच ब्राह्मी म्हणतात. पुस्तकी नावं तुमच्यापाशी ठेवा!

शेवाळ: म्हणा हो. पण बाटलीवर बॅकोपाच्या चाचण्यांचे दाखले आणि आत मंडूकपर्णी, हे कसं चालेल? चाचण्यांत साधारण ३०० मिग्रॅ प्रमाणित अर्क रोज, १२ आठवडे. परीक्षेच्या आदल्या रात्री घेऊन फक्त पोट बिघडेल. रिकाम्या पोटी तर हमखास.

पाणकणीस: मग ब्राह्मी तेल?

शेवाळ: टाळूतून बॅकोसाइड मेंदूत? मालिशीने झोप लागते, तेवढं घ्या.

निवडुंग: धागा सेजचा होता, आठवण करून देतो. अर्क घेतलाय वाटतं कोणीच नाही.

खलबत्ता: बरं, ३३३ ला काहीतरी दिसलं, मान्य. आता थुजोन किती ते छापलेली एक बाटली दाखवा.

निवडुंग: …शोधतोय.