एन्डोस्कोपीआधी स्कोप धुतल्याची नोंद मागावी का?

पाचपाखाडीकर:
वडिलांची कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची तपासणी, ठाण्यातच ठरली आहे. कॅमेऱ्याची तीच नळी, म्हणजे स्कोप, धुऊन पुढच्या पेशंटला वापरतात, हे काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही. विचारलं तर "काळजी करू नका". माझं म्हणणं, हा स्कोप कधी धुतला, कोणी धुतला, धुण्याचं केमिकल तपासायची पट्टी पास झाली का, हे रजिस्टर मागितल्याबरोबर दाखवलं पाहिजे.

सिस्टर_नेरूळ:
बघून कळणार काय? पट्टी एवढंच सांगते की केमिकलचा जोर अजून शिल्लक आहे. आत ब्रश नीट फिरला का, हे नाही सांगत, आणि खरी मेख तिथेच आहे. तपासणी संपल्या संपल्या नळीतून एन्झाइमचं पाणी ओढायचं, लीक टेस्ट करायची, मग प्रत्येक चॅनेलमधून ब्रश. टोकाला बाहेर आला की चोळून परत आत, घाण दिसेनाशी होईपर्यंत. आत काही वाळून बसलं की वरून केमिकल ओतून उपयोग नाही. आणि ओली नळी कपाटात टांगली तर सगळी मेहनत पाण्यात.

घोडबंदर_काका:
झालं, घाबरवा लोकांना! आधीच संडासातून रक्त पडलं तरी मूळव्याध समजून वर्ष काढतात. आता हे निमित्त.

पाचपाखाडीकर:
काका, 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयात स्कोपमधून सुपरबग, म्हणजे औषधांना न जुमानणारा जंतू, पसरला, दोघे दगावले. कंपनीच्या सूचनेबरहुकूम धुतल्याचं रुग्णालयाने सांगितलं होतं.

सिस्टर_नेरूळ:
तो ड्युओडेनोस्कोप, ईआरसीपीचा, म्हणजे तोंडातून घालून पित्तनलिकेपर्यंत जायचा. त्याच्या टोकाला वर-खाली होणारी इवलीशी पट्टी असते, तिच्यामागे ब्रश धड पोचत नाही. म्हणून तर 2019 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) टोकाचा भाग वापरून फेकता येईल अशा स्कोपकडे वळा म्हटलं. कोलोनोस्कोपला ती भानगड नसते. उगाच मिसळ करू नका.

वाशी_सेक्टर१७:
रजिस्टर दुपारी एकदम बसूनही भरता येतं. (कुठे भरतात ते विचारू नका.) त्यापेक्षा विचारा, स्कोप किती आणि आज पेशंट किती? 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये, म्हणजे जंतू मारायच्या केमिकलमध्ये, नुसतं बुडवायलाच 20 मिनिटं. ब्रश, धुणं, वाळवणं वेगळं. दोन स्कोपवर जेवणाआधी पंधरा पेशंट उरकत असतील तर हिशोब तुम्हीच करा.

पाचपाखाडीकर:
हा प्रश्न घेतला. रजिस्टर तरीही मागणार.

घोडबंदर_काका:
आणि नाही दाखवलं तर? तपासणी रद्द?

पाचपाखाडीकर:
तपासणी कशाला, सेंटर बदलेन. ठाण्यात काय तोटा आहे?