तालुक्याच्या वाचनालयात दृष्टिहीन वाचकांसाठी सेवा सुरू करायची आहे. सुरुवात कशापासून करावी?

कोकणवाचक:

नमस्कार. कोकणातील एका तालुक्याच्या गावी आमचे शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याच्या कार्यकारी मंडळावर आहे. एका सभासदांनी आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ वाचनालयाला देणगी देऊ केली आहे. काचबिंदूमुळे त्या माउलींची दृष्टी अखेरच्या काळात जवळजवळ गेली होती, म्हणून ही रक्कम दृष्टिहीन वाचकांसाठीच खर्च व्हावी, अशी त्यांची अट आहे. मंडळाच्या बैठकीत ब्रेल पुस्तकांचे एक कपाट घ्यावे, त्यावर आईंच्या नावाची पाटी लावावी आणि १५ ऑक्टोबरला, म्हणजे पांढरी काठी दिनी, त्याचे उद्घाटन करावे, असा सूर निघाला.

मला शंका आहे ती अशी, की गावात आणि आसपासच्या वाड्यांत दृष्टी गेलेली किंवा फारच कमी दिसणारी माणसे असूनही त्यांपैकी कोणी आजवर वाचनालयाची पायरी चढलेले नाही. मग कपाट उघडणार कोण? दुसरा पर्याय म्हणून आमच्या काही सभासदांनी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याची तयारी दाखवली आहे, परंतु त्यासाठी प्रत्येक लेखकाची आणि प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागेल का, याविषयी मंडळात मतभेद आहेत. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नाशिककर:

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे, बँकेत नोकरी करतो आणि आपला प्रश्न स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर, ऐकून हे उत्तर टंकित करत आहे. आपली शंका रास्त आहे. ज्यांची दृष्टी साठीनंतर काचबिंदूने, मधुमेहाने किंवा दृष्टिपटलाच्या विकाराने जाते, त्यांच्यापैकी ब्रेल शिकणारे फार थोडे असतात. शिवाय जुन्या मधुमेहात बोटांची संवेदना बोथट होत असल्याने इच्छा असूनही ठिपके हाताला लागत नाहीत. अशा वाचकाला कपाटाचा उपयोग नाही. त्याला ऐकू येणारे पुस्तक हवे असते, आणि ते मिळवण्याइतका फोन कोणीतरी शेजारी बसून शिकवायला हवा असतो.

देणगीतून एक साधा संगणक आणि बरा स्कॅनर घ्यावा. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाकावा. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प विनामूल्य आहे आणि त्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी वाचतो. आवाज यांत्रिक आहे, पहिले काही दिवस कानाला खटकतो, पण सराव झाल्यावर त्याच आवाजाचा वेग वाढवून आम्ही झरझर वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. तो फक्त सुरू करून द्यावा लागतो, आणि सुरू केल्यावर स्पर्शाची सगळी पद्धत बदलते हे घरच्यांना सांगावे लागते, नाहीतर फोन बिघडला म्हणून ते दुसऱ्याच दिवशी दुकानात नेतात.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवतो. गावोगावच्या मुद्रकांकडून आणि स्मरणिका काढणाऱ्यांकडून मिळणारा मराठी मजकूर पुष्कळदा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना तो सुंदर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तीच खिचडी आम्हाला वाचून दाखवतो. तेव्हा फाइल स्वीकारताना ती युनिकोडमध्येच, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरे म्हणूनच ओळखता येणाऱ्या सांकेतिक पद्धतीत, मागून घ्यावी. छापील पान स्कॅन करून त्यातून अक्षरे काढणारी साधने मराठीसाठी आता उपलब्ध आहेत, परंतु जोडाक्षरांत आणि रफारांत ती चुकतात. त्यामुळे मूळ पुस्तक शेजारी ठेवून मुद्रितशोधन करणारी माणसे लागतात. ध्वनिमुद्रणाइतकेच हे काम मोलाचे आहे, आणि ज्यांचा आवाज चांगला नाही पण शुद्धलेखन पक्के आहे अशा सभासदांना ते देता येते.

परवानगीबद्दल बोलायचे तर कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये याची सोय केली आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी ते ब्रेल, ध्वनिमुद्रण अशा सुलभ स्वरूपात आणण्यास वेगळी परवानगी लागत नाही, आणि हे करू शकणाऱ्या संस्थांच्या व्याख्येत शासनमान्य ग्रंथालयाचा स्पष्ट उल्लेख आहे. अटी दोनच लक्षात ठेवाव्यात: त्यातून नफा कमवायचा नाही, आणि त्या प्रती अपंग व्यक्तींव्यतिरिक्त इतरांच्या हाती किंवा बाजारात जाऊ द्यायच्या नाहीत. म्हणजेच ध्वनिमुद्रण यूट्यूबवर चढवायचे नाही. उत्साही मंडळी नेमके हेच करतात.

नवे पुस्तक हाती घेण्यापूर्वी ते सुगम्य पुस्तकालयात आहे का, हे पाहावे. २०१६ मध्ये सुरू झालेले हे ऑनलाइन ग्रंथालय डेझी फोरम ऑफ इंडिया या, सुलभ स्वरूपातील पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांच्या जाळ्यातील पुस्तकांवर उभे आहे. एकच पुस्तक तीन गावांत तीनदा वाचले जाणे ही श्रमांची उधळपट्टी आहे.

सहा ठिपके:

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवते. नाशिककर यांचे ज्येष्ठांविषयीचे म्हणणे मान्य आहे. परंतु त्यावरून ‘ब्रेल नको’ असा निष्कर्ष मंडळाने काढला तर तालुक्यातील शाळकरी मुलांचे नुकसान होईल. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला गोष्ट कळते, पण ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतली वेलांटी कोणती हे ऐकून कळत नाही. परिच्छेद कुठे संपला, अवतरणचिन्ह कुठे आले, गणितातला कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला, हे बोटांखालीच समजते. फोन बोलतो म्हणून ब्रेल कालबाह्य झाले असे मानणे म्हणजे डोळस मुलाला पुस्तक न देता फक्त रेडिओ देण्यासारखे आहे.

कपाट घ्यायचेच असेल तर कादंबऱ्यांनी भरू नका. जाड कागद आणि मोठी अक्षरे यांमुळे एक मध्यम कादंबरी ब्रेलमध्ये अनेक खंडांची होते. त्यापेक्षा आधी पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील विशेष शिक्षकांना भेटून तालुक्यात ब्रेल वाचणारी मुले कोणत्या इयत्तेत आहेत, हे विचारा आणि त्यांना हवी तीच पुस्तके मागवा. ब्रेल पुस्तके उभीच ठेवावीत. एकावर एक रचली तर वजनाने ठिपके दबतात आणि पान गुळगुळीत होऊन वाचता येईनासे होते. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठीतील ब्रेल पाक्षिक २००८ पासून निघत आहे, ते अवश्य लावावे, कारण मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे ताजे वाचायला क्वचितच मिळते. अंधांसाठीच्या साहित्याच्या पाकिटांना टपालखात्याची ७ किलोपर्यंत साध्या टपालाने शुल्कमाफी असते, त्यामुळे वाड्यांवरच्या मुलांना पुस्तके पाठवणेही परवडेल.

लेखनिक पुणे:

पुस्तकांवर एवढी चर्चा झाली, पण आमच्याकडे दृष्टिहीन विद्यार्थी येतात ते परीक्षेच्या लेखनिकासाठी. विद्यार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते उतरवतो. तालुक्याच्या ठिकाणी असे लेखनिक मिळता मिळत नाहीत, कारण परीक्षा बहुधा कामाच्या दिवशी असतात. आपल्या वाचनालयाने इच्छुकांची नावे, शिक्षण आणि मोकळे दिवस यांची वही ठेवली तरी मोठे काम होईल. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा उमेदवाराला तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात. लेखनिकाच्या शैक्षणिक पात्रतेविषयी मात्र प्रत्येक परीक्षेचे नियम आधी वाचावेत. ऐनवेळी केंद्रावर लेखनिक नाकारला जातो आणि विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते.

ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना एवढेच सांगा की नाट्यवाचन करू नये. पुस्तकाचे नाव, आवृत्ती आणि प्रकरण आरंभी सांगावे, पृष्ठक्रमांक सांगत जावे, तळटीप वगळू नये आणि तक्ता आला तर ‘येथे तक्ता आहे’ एवढ्यावर न थांबता तो ओळीने वाचावा. प्रत्येक प्रकरणाची फाइल स्वतंत्र ठेवावी.

अंधुक:

माझी दृष्टी पूर्ण गेलेली नाही. माझ्यासारख्यांना सगळे विसरतात. चांगला टेबलदिवा, हातात धरायचे भिंग आणि खिडकीकडे पाठ करून बसता येईल अशी एक खुर्ची, एवढ्या सोयीवर मी अजून वर्तमानपत्राचे मथळे वाचतो. या तीन वस्तूंना फारसा खर्च येत नाही. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारून घ्या, तो तर त्याहूनही स्वस्त.

आणखी एक काम वाचनालयाला सहज जमेल. ज्येष्ठांपैकी अनेकांकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, नसते, कारण म्हातारपणी दिसत नाही यात नोंद काय करायची, अशी घरच्यांची समजूत असते. ऑनलाइन अर्ज भरून द्यायला आणि तपासणीसाठी शासकीय रुग्णालयात सोबत जायला कोणी मिळाले, तर ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरल्यास एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलतीसारखे लाभ मिळतात. सोबत जाणाऱ्याने हात धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करावा आणि अर्धे पाऊल पुढे चालावे. पायरी चढती की उतरती, हे तोंडाने सांगावे.

कोकणवाचक:

सर्वांचे मनापासून आभार. कायद्यातील ग्रंथालयाचा उल्लेख मंडळापुढे ठेवला, तेव्हा परवानगीचा वाद तिथल्या तिथे मिटला. देणगीदारांशीही बोललो. नावाची पाटी कपाटाऐवजी वाचनकक्षाच्या दाराशी लावण्यास आणि शाळकरी मुलांची यादी हाती आल्यावरच ब्रेल पुस्तके मागवण्यास त्यांची संमती आहे. संगणक, स्कॅनर, दिवा आणि भिंग आधी घेत आहोत. एक अडचण उरते: वाड्यांवरील वृद्धांना वाचनालयापर्यंत आणणे अवघड आहे, तेव्हा ध्वनिमुद्रित पुस्तके त्यांच्यापर्यंत कशी पोहोचवावीत?

नाशिककर:

मेमरी कार्डावर भरून द्यावीत. बटणांचा साधा फोन किंवा कार्ड चालणारा रेडिओ बहुतेक घरांत असतो आणि वृद्धांना तो स्पर्शपडद्यापेक्षा सोपा जातो. कार्डावर एका वेळी एकच पुस्तक ठेवावे, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही. कार्ड कोणाला दिले याची नोंद प्रमाणपत्राच्या क्रमांकासह नेहमीच्या देवघेव वहीतच करावी. कायद्याची अटही त्यात पाळली जाते. पुस्तक बदलायला जो स्वयंसेवक जाईल त्याने थोडा वेळ काढून जावे, कारण आलेली पत्रे, वीजबिल आणि औषधाच्या डब्यांवरची नावे वाचून देण्याचे काम तिथे त्याची वाट पाहत असेल.